पडद्यावरचा हार

एका गावात एक साखर कारखाना होता, आणि तिथला बॉयलर वैजयंता नावाची बाई सांभाळत असे. सांभाळत असे म्हणजे हातात फावडं घेऊन नव्हे. काचेच्या खोलीत एक पडदा होता. बॉयलरमधलं पाणी त्यावर निळ्या पट्टीसारखं दिसे. आग, वाफ, पंखे, सगळं तिथेच दिसे, आणि बोट लावलं की खाली तसं घडे. वैजयंता जेवतानासुद्धा मान तिकडेच ठेवी.

"ताई, नवऱ्याकडंबी एवढं बघत नसशील!" लोक थट्टा करत. ती हसे, पण नजर हलवत नसे.

दसऱ्याला हंगामाचा बॉयलर पेटवायचा, ही तिथली रीत. चेअरमन रंगरावांच्या आई, आक्कासाहेब, यांच्या हातून अग्नी दिला गेला. हलगी कडाडली. मग आक्कासाहेब काचेच्या खोलीत आल्या. त्यांनी पडद्याला हळदकुंकू वाहिलं आणि मनगटाएवढा जाड झेंडूचा हार घातला. नेमकी निळी पट्टी झाकली गेली.

"हार जरा बाजूला सरकवू का?" वैजयंताने विचारलं.

"आक्कांनी घातलेला हार आज हलवायचा न्हाई!" रंगराव गुरकावले.

सगळे प्रसादाला गेले. वैजयंता गेली नाही. हलवायचा नाही तर नाही, उचलून बघायला कोण अडवतं? ती एका हाताने हार उचलून धरून उभी राहिली. तो हात भरून आला की दुसरा लावी. येणारेजाणारे दारातून बघून फिदीफिदी हसत.

खाली आगीने जोर धरला आणि निळी पट्टी घसरू लागली. धोक्याचा भोंगा वाजला, पण हलगीपुढे तो कुणाला ऐकू जाणार? वैजयंताने पंप चालू करून पाहिला. पाणी चढेना. भट्टीच्या तोंडाशी तर प्रसादाची पंगत बसलेली! बॉयलर कोरडा पडून फुटला असता, तर त्यातलं कुणी वाचलं नसतं. तिने हार ओढून काढला, आगीला वारा देणारे पंखे बंद केले, भट्टीत जळणासाठी जाणारं उसाचं चिपाड थांबवलं. आग बसत गेली.

रंगराव लालबुंद होऊन धावत आले. "मुहूर्ताची आग विझवलीस? उद्यापासनं कामावर येऊ नगंस!"

वैजयंता म्हणाली, "आग पुन्हा पेटवता येती, साहेब. खाली आपली माणसं जेवत्यात. आधी त्यांना उठवा."

माणसं उठवली. फिटरने बॉयलरला पाणी नेणारा नळ खोलून पाहिला. साफसफाईत विसरलेलं फडकं आत घट्ट अडकून बसलं होतं. ते पाहून रंगराव मटकन खाली बसले.

मागोमाग आलेल्या आक्कासाहेबांनी खाली पडलेला हार उचलला. "चूक माझी झाली, रंगा. देवाचे डोळे झाकून कुणी पूजा करतं व्हय?"

त्यांनी पडद्याशेजारच्या भिंतीत खिळा ठोकून घेतला आणि हार त्याला अडकवला. संध्याकाळच्या आत बॉयलर पुन्हा पेटला. या वेळी आक्कासाहेबांनी प्रसादाचा पहिला घास वैजयंताला आपल्या हाताने भरवला, कारण तिची नजर पुन्हा पडद्यावर लागली होती.

तात्पर्य: ज्याच्यावर माणसांचा जीव अवलंबून आहे, त्याला हार घालणं सोपं असतं, पण डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर लक्ष ठेवणं, हीच त्याची खरी पूजा.