चौथा नारळ

मोगरखेड नावाच्या गावात पाठदुखीला कधी तोटा नव्हता. गाव कोष्ट्यांचे. उजाडले की जो तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि दिवेलागणीला कंबर धरून उठायचा. लुगडी अशी निघत की बघत राहावे. विणणाऱ्याच्या कमरेकडे मात्र कुणी बघत नसे. बघायची ती एकटी ठकूबाई मालीशवाली.

ठकूबाईचे घर वेशीजवळ होते. पडवीत चटई टाकून ती बसायची. तिळाचे कोमट तेल हातावर घ्यायची, माकडहाडापासून वर अंगठे चालवायची आणि गाठ लागली की तिथेच थांबायची. जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे तिला नेमके ठाऊक होते. पायाला मुंग्या येतात, पाय लुळा पडतो असे कुणी म्हणाले, तर ती हातच लावत नसे. त्याला सरळ वैद्याकडे पिटाळत असे. मालीश झाली की प्रत्येकाला तिचे एकच सांगणे असे. "आता घरी जाऊन लवंडू नका. टेकडीपर्यंत चालून या. आराम पडेल. पण दुखणं जुनं आहे, ते परत डोकावेल. डोकावलं की या." इतके रोखठोक बोलणे सगळ्यांनाच रुचायचे असे नाही. तरी माणसे यायची.

त्या मुलखाचा राजा रायभान. त्याचा वाडा गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि त्याचीही कंबर सात वर्षे दुखत होती.

आता वाड्यात एक मोठी मानाची रीत होती. राजा आजारातून उठला की ज्याने बरे केले त्याने भर दरबारात नारळ फोडायचा आणि तीनदा म्हणायचे, "दुखणं गेलं!" मग नगारा वाजायचा. त्यानंतर त्या दुखण्याचे नाव वाड्यात कुणी काढायचे नाही. खुद्द राजानेही नाही. नाव काढले की गेलेले दुखणे माघारी येते, अशी समजूत.

तापाखोकल्याला ही रीत ठीक होती. ताप काय, जातोच. पण जुनी कंबरदुखी अशी नारळाला भिऊन जाते थोडीच! राजाच्या कमरेचे तीन नारळ आधीच फुटले होते. पहिल्या वैद्याने लेप लावला आणि नारळ फोडला. दुसऱ्याने तापल्या सळईने डाग दिला आणि नारळ फोडला. तिसऱ्याने कसलेसे भस्म चाटवले, नारळ फोडला, शालजोडी घेतली आणि गाव सोडले. कंबर आपली दुखतच राहिली. फरक एवढाच, की आता ते बोलून दाखवायची सोय उरली नाही. राजा जिना चढताना मध्येच थांबे आणि खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बघत म्हणे, "मोहर बरा आलाय." भर श्रावणातसुद्धा. दरबारी माना डोलावत. "फारच बरा, महाराज!"

शेवटी प्रधान नारोपंतांनी ठकूबाईला बोलावून घेतले.

"महाराजांना जरा शीण आहे," ते म्हणाले. "अंग रगडून दे."

ठकूबाईने राजाच्या कमरेला अंगठा लावला मात्र, तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा शीण नव्हे, महाराज. ही जुनी कंबरदुखी आहे."

"हळू बोला, बाई," राजा उशीत तोंड खुपसून पुटपुटला. "ती बरी झालेली आहे. तीन वेळा."

ठकूबाईला आधी हसू आले, आणि मग कीव आली. सात वर्षे दुखते आहे आणि 'आई गं' म्हणायची चोरी! आपल्या पडवीतला फाटका कोष्टीसुद्धा या राजापेक्षा सुखी, असे तिला वाटले.

ती रोज सकाळी वाड्यात जाऊ लागली. पंधरवड्यात राजाला सलग झोप लागू लागली. एके दिवशी त्याने स्वतः वाकून जोडे घातले, तेव्हा वाड्यात आनंदीआनंद झाला. नारोपंतांनी लगेच जाहीर केले, की वसंत पंचमीला दरबार भरेल, शेजारच्या राज्यांचे दूत येतील आणि ठकूबाई नारळ फोडेल.

"नारळ कशाला?" ठकूबाई म्हणाली. "आराम पडलाय. बरं झालेलं नाही."

"आधीचे तीन कच्चे निघाले म्हणू. तू पक्का फोड. वाड्यात राहायला जागा मिळेल, राजमालीशवाली म्हणून मान मिळेल."

"आणि महाराजांची कंबर परत धरली तर?"

"नारळ फुटल्यावर कशी धरेल?"

"धरेल की, पंत. आणि मग मला हाक मारायचीही त्यांना चोरी होईल."

नारोपंतांचा चेहरा कडू झाला. "मग नीट ऐकून ठेव. नारळ फोडला नाहीस, तर या राज्यात कुणाच्याही पाठीला तुझा हात लागणार नाही."

ठकूबाई घरी आली ती पाय ओढत. या दोन हातांखेरीज तिच्यापाशी दुसरे काही नव्हते. मालीश बंद झाली तर तिने करायचे काय, आणि या कोष्ट्यांनी जायचे कुठे? पडवीत सटवाजी कोष्टी आपली पाळी यायची वाट बघत बसला होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

"एक नारळच तर आहे, ठकूबाई," तो काकुळतीने म्हणाला. "फोडा आणि मोकळ्या व्हा. तुमचा हात थांबला तर आमच्या पाठी कुणी बघायच्या?"

"सटवाजीदादा, तुमची कंबर बरी झाली असं मी तुम्हाला कधी सांगितलंय का?"

"नाही."

"तरी तुम्ही दर आठवड्याला येता."

"दुखते म्हणून येतो."

"दुखतं ते सांगता येतं म्हणून येता," ठकूबाई म्हणाली. "त्या माणसाला तेवढंही करता येत नाही."

सटवाजी चटईवर पालथा पडला. तिने तेल कोमट करायला ठेवले आणि कामाला लागली.

वसंत पंचमीला दरबार गच्च भरला. पुढे परराज्यांचे दूत, मागे सरदार, अगदी शेवटी दाराशी गावचे कोष्टी. जरीच्या जड पोशाखात राजा घटकाभर उभाच होता, कारण नारळ फुटेपर्यंत राजाने बसायचे नाही अशीही रीत होती. नगारची टिपऱ्या उगारून तयार. ठकूबाईच्या हातात नारळ दिला गेला. ती घाबरली होती.

"हं, फोड आणि म्हण," नारोपंत म्हणाले.

ठकूबाईने नारळ खाली ठेवला.

"नाही म्हणत."

दूतांनी एकमेकांकडे पाहिले.

"दुखणं गेलेलं नाही," ठकूबाई म्हणाली. "माझ्या हातानं आराम पडतो. तेवढं मी छातीठोक सांगेन, त्यापुढे एक अक्षर नाही. मी खोटं बोलले तर तुमचा नगारा वाजेल आणि महाराजांचं तोंड बंद होईल. चौथ्यांदा!"

"हिला बाहेर काढा!" नारोपंत ओरडले. "आजपासून हिची मालीश बंद!"

"काढा. मी काही पळून जात नाही. पण जाण्याआधी महाराजांना एक विचारते." ती राजाकडे वळली. "महाराज, घटकाभर उभे आहात. कंबर कशी आहे?"

दरबाऱ्यांनी घाईघाईने छताकडे नजरा लावल्या. सात वर्षांत भर दरबारात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. राजाने नारोपंतांकडे पाहिले, दूतांकडे पाहिले. मग सिंहासनाचा हात घट्ट धरून तो म्हणाला, "दुखतेय."

आभाळ कोसळले नाही. म्हणून तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी चांगला मोठ्याने, "दुखतेय हो! सात वर्षं दुखतेय!" असे म्हणून तो सिंहासनावर बसला आणि त्याने मोकळा श्वास सोडला.

परराज्याचा एक म्हातारा दूत हळूच कमरेवर हात ठेवत म्हणाला, "आमच्या महाराजांचे पाच नारळ फुटलेत."

दरबारात खसखस पिकली. नारोपंत तेवढे हसले नाहीत. "महाराज, वाडवडिलांची रीत मोडते आहे!"

"मोडू दे," राजा म्हणाला. "त्या रितीपायी मी सात वर्षं कण्हलोसुद्धा नाही. बाईंच्या मालिशीला कुणी आडवं यायचं नाही. बाई, तुम्ही उद्या सकाळी नेहमीसारख्या वाड्यावर या."

दुसरी कुणी असती तर तिने वाकून हो म्हटले असते. ठकूबाईने पदर खोचला.

"वाड्यावर येणार नाही, महाराज. नुसतं पडून चोळून घेतलं तर काम अर्धंच होतं. तुम्ही वेशीपर्यंत चालत या. आणि उद्या पहिली पाळी सटवाजीदादांची आहे. त्यांच्यामागे बसावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा गावातून चालत ठकूबाईच्या पडवीत आला. त्याला बघून सटवाजी धडपडत उठू लागला. ठकूबाईने त्याला खांदा दाबून परत चटईवर बसवले. राजा पडवीच्या कडेला टेकला आणि आपली पाळी यायची वाट बघू लागला.

तात्पर्य: आपल्या हातून जेवढा आराम पडतो तेवढाच कबूल करावा. न गेलेले दुखणे 'गेले' म्हणणारा दुखणाइताला बरे करत नाही, नुसता गप्प करतो. म्हणून असे खोटे वदवून घ्यायला सगळा दरबार उभा राहिला, तरी ताठ मानेने नाही म्हणावे.