दुसऱ्याच्या वाटणीचा पाव

एकदा ऐन हिवाळ्यात एका वृद्ध आचार्यांना रशियातील एका नदीकाठच्या नगरातून व्याख्यानाचे बोलावणे आले. सोबत त्यांचा शिष्यही निघाला. हा शिष्य मोठा गमत्या! भर दुपारी मावळणारा सूर्य, ओळख नसेल तर चुकूनही न हसणारी माणसे, टोपी घातली नाही म्हणून भररस्त्यात त्याला दटावणाऱ्या आजीबाई, साऱ्यांची त्याने मनसोक्त थट्टा केली.

वार्वारा नावाच्या एकाकी वृद्धेकडे त्यांचा मुक्काम होता. आचार्यांना रशियन भाषा येत होती, शिष्याला नाही. त्या घरात शिरताच मात्र शिष्याचा आवाज आपोआप खाली आला. आरशावर काळे वस्त्र टाकले होते. घड्याळ बंद होते. जेवणाच्या टेबलाशी एक रिकामी खुर्ची, कुणी आता येऊन बसणार असावे अशी, मागे ओढलेली होती. तिच्यासमोर काठोकाठ भरलेला पेला आणि पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा.

आपल्याकडे तांब्यावर फुलपात्र पालथे घालतात, तसेच हे झाकण असणार, असे शिष्याने ठरवून टाकले. भुकेने जीव कासावीस झाला होता. त्याने पाव उचलून अर्धा खाल्लाही.

तेवढ्यात वार्वारा सुपाचे भांडे घेऊन दारात आली आणि थिजली. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर रिकाम्या खुर्चीवर होती. खुर्ची करकरली. शिष्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, उरलेला पाव तो घाईने पेल्यावर ठेवू लागला. आचार्यांनी त्याचे मनगट धरले.

"ठेवू नकोस. खा."

"पण गुरुजी, हा पाव कुणाचा?"

"तिच्या मुलाचा. आपल्याला बोलावणाऱ्यांनी मला सांगितले होते. भरल्या ताटावरून रागाने उठला आणि नदीत बुडाला. मृतासाठी इथे असा पाव ठेवतात. त्याचा राग गेला नाही, या विचाराने हिच्याही घशाखाली घास उतरत नाही."

शिष्याचा चेहरा उतरला. "मग मी क्षमा मागतो. हे खाणे म्हणजे तिला फसवणेच की!"

"चूक तुझीच आहे, क्षमा नंतर माग," आचार्य हलकेच म्हणाले. "आपण पिंड ठेवून कावळ्यासाठी ताटकळतो ना? तो तरी कुठे सारे जाणून येतो? त्याला भूक असते, एवढेच. पण त्याने चोच लावली की मागे राहिलेल्यांचा जीव मोकळा होतो. तू अर्धा पाव परत ठेवलास, तर मुलाने पुन्हा ताट दूर सारले असे या माऊलीला वाटेल."

शिष्याने उरलेला पाव खाल्ला. मागून कुणीतरी पाहत आहे असे वाटत होते, पण वळून बघण्याचे धाडस त्याला झाले नाही.

वार्वाराने थरथरत्या आवाजात काही विचारले.

"विचारते आहे, पोट भरलं का बाळा?" आचार्यांनी सांगितले.

हा प्रश्न आपल्याला नाही, हे शिष्याला कळले. त्याचे डोळे भरून आले.

"भरलं, आई," तो म्हणाला.

ते शब्द मराठी होते, पण आचार्यांना त्यांचा अर्थ सांगावा लागला नाही. वार्वाराने पाहुण्यांना सूप वाढले. मग आणखी एक ताटली आणली आणि स्वतःलाही वाढून घेतले.