बैलाविना रहाट

"नदीचं पाणी आपोआप माझ्या गच्चीवरच्या हौदात चढलं पाहिजे! बैल नको, माणूस नको! आणि पहिल्याच खेपेला जमलं पाहिजे. फसलं, की कोठडी!" दुर्गसिंह राजा गरजला. शेजारच्या राज्यात नवनवी यंत्रं निघतात आणि आपल्याकडे एकही नाही, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

सारे कारागीर माना खाली घालून उभे. येसू कुंभारीण मात्र फिस्सकन हसली.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. मीच करून बघावं असं मनात आलं, आणि माझं मलाच हसू फुटलं. माझ्या मडक्यांची तोंडंसुद्धा वाकडी होतात!"

"मग आता तूच पाणी चढव!"

येसूने जीभ चावली. या जिभेनं घात केला! पण ती म्हणाली, "चढवते. मात्र मी फसणार हे नक्की. तेव्हा आधीच कोठडीत टाका आणि तिथेच काम करू द्या."

शिक्षा आगाऊ मागणारी बाई राजाने कधी पाहिली नव्हती. "टाका हिला!"

कोठडीत बहिर्जी सुतार भेटला. त्याचं नवं चाक आस बारीक पडल्याने मोडलं होतं, म्हणून तो आत. शेजारी कान्हू लोहार. त्याचा आस इतका जाड झाला की रथच हलेना.

"अहो, मग तुम्ही आधीच एकमेकांना का नाही विचारलंत?"

"बाहेर आपली चूक कोण बोलून दाखवतो, बाई?" कान्हू म्हणाला.

कोठडीमागेच नदी होती. पहाऱ्यात तिघांनी चाक उभारून त्याला मडकी बांधली. ते बुडालं. पुन्हा उभारलं, तर पहारेकऱ्याचं पागोटं घेऊन फिरलं! येसूची किती मडकी फुटली, विचारू नका. तिघंही पोट धरून हसत. आता आणखी आत कुठे टाकणार?

अखेर प्रवाहाच्या जोरावर चाक फिरू लागलं. मडकी भरून वर गेली आणि वाकड्या तोंडांमुळे नेमकी गच्चीवर जाणाऱ्या पन्हळीत रिती झाली. हौद भरला!

राजा धावत आला. "अगं, मी देशोदेशी माणसं धाडली! तुला इतके हुशार लोक सापडले कुठे?"

"तुम्हीच तर गोळा केलेत, महाराज! राज्यात ज्याने ज्याने काही नवं करून पाहिलं, तो प्रत्येक जण इथे आहे. वर कोणी पळवू नये म्हणून कुलूपही लावलंत!"

पहारेकरी दोन पावलं मागे सरले. राजाचा चेहरा लाल झाला, आणि मग तो असा हसला की मुकुट कानावर आला. "म्हणजे शेजारच्या राजाचा सगळ्यात कामाचा माणूस मीच की!"

त्याने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं, कोठडीचा कारखाना केला आणि येसूला त्याची मुख्य नेमलं. शिवाय हव्या तितक्या वेळा फसण्याची सनद दिली, राजमुद्रेसकट!