हाजराचं पाणी

शके अठराशे चाळीस, आश्विन महिना. इंग्रजी साल एकोणीसशे अठरा. पावसाळा कोरडा गेला होता आणि सुगीचं कुणी नाव काढत नव्हतं. त्या वर्षी सीनाकाठच्या माळखडी गावात घट बसले आणि मोहरमचा चांदही त्याच सुमाराला दिसला. पण वरच्या आळीत घटातलं धान उगवेना, आणि खालच्या आळीत पंज्यांपुढं ताशा वाजेना. गावात मानमोडी आली होती.

मानमोडी म्हणजे ताप. सकाळी अंग मोडून यायचं आणि दिवस मावळेपर्यंत माणूस मान टाकायचा. घरात पाच माणसं असली तर पाचही आडवी. ज्यांनी तो ताप अंगावर काढला ते पुढं सांगायचे की भूक कळत नव्हती, दुखणंही कळत नव्हतं. कळायची ती फक्त तहान.

दस्तगीर पखाली त्या गावचा पाणक्या. कातड्याची मोठी पखाल रेड्याच्या पाठीवर टाकायची, नदीवरून भरून आणायची आणि गावात रिकामी करायची, हे त्याच्या घराण्याचं काम. पखाल भरताना बिस्मिल्ला, रिकामी करताना अल्हम्दुलिल्ला, एवढीच त्याची पढाई. नमाज चुकवायचा नाही. दुसऱ्याला पढ म्हणून सांगायलाही जायचा नाही.

पण त्याच्या पाण्याला गावानं एक रेघ मारली होती. मशिदीच्या हौदात आणि खालच्या आळीत ते प्यायला चालायचं. वरच्या आळीत नाही. तिथं ते भिंतीच्या गाऱ्याला, मांडवातली धूळ बसवायला, फार तर जनावरांना. कातड्यातलं पाणी, त्यात मुसलमानाच्या हातचं. ते ओठाला लागलं असं कळलं असतं तर माणसाला पंगतीत बसू दिलं नसतं. दस्तगीरला त्याचं काही वाटत नव्हतं. रीत आहे, म्हणायचा, आणि रेडा हाकायचा.

बायको आधीच्या प्लेगात गेली होती. घरात एक लेक, हाजरा. पखालीच्या घरात हे नाव हौसेनं ठेवतात. त्यांच्या धर्मातल्या कथेत तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधत दोन डोंगरांमधून धावली ती पहिली हाजरा. ही हाजरा शांत होती. लग्न ठरलं होतं.

साथ आली तेव्हा गावातले आड आटलेले होते. राहिला तो नदीच्या वाळूत खणलेला एक झिरा. त्यात पाणी पाझरून साठायला वेळ लागायचा. आणि तिथवर चालत जाईल असा माणूस गावात उरला नव्हता. दस्तगीरला तापानं का धरलं नाही ते अल्ला जाणे. असं म्हणतात की ताप त्याच्या दारापर्यंत आला, पखालीचं ओझं पाहिलं आणि याला आधीच पुरेसं आहे म्हणून आत गेला, लेकीकडं.

वरच्या आळीतून तो बोलावल्याशिवाय रिकामी पखाल घेऊनही जात नसे. पण त्या दिवशी भरली पखाल घेऊन तो तिकडून निघाला. देशमान्यांच्या दारातून हाक आली. थोरली सून, भागीरथी. नुकतीच बाळंत झालेली. ती भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत सरकत आली होती.

"दस्तगीर, थांब. पाणी कशाचं?"

"झिऱ्याचं."

"ते न्हवं. पखाल कशाची?"

"कातड्याची, वहिनी. माझा म्हातारा रेडा मेला गेल्या साली, त्याची."

"रेडा मुसलमान तर नव्हता?"

दस्तगीरनं जरा विचार केला. "नमाज पढताना कधी दिसला न्हाई," म्हणाला.

"मग घाल," भागीरथी म्हणाली आणि तिनं ओंजळ उंबऱ्याबाहेर धरली.

असं म्हणतात की ती इतका वेळ प्याली की रेडा उभ्या उभ्या झोपी गेला. तिचं पिणं झालं तशी शेजारची दारं किलकिली झाली. कुणी तांब्या पुढं केला, कुणी ओंजळ. शेजाऱ्यानं पाहू नये म्हणून प्रत्येक जण तोंडावर पदर नाहीतर पटका ओढून प्यायचा. आणि शेजारी आपल्या दाराआड तसाच ओंजळ धरून उभा असायचा. दस्तगीरनं कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "उद्या येतो. कुणाला राहू देणार न्हाई."

मग तो रोज जाऊ लागला. घरी हाजराला ताप होता. तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचा आणि निघायचा. शेजारची सकीनाखाला तिच्याजवळ बसायची. गावातल्या मुसलमान बायका मेल्या की त्यांना शेवटचं गुसल, म्हणजे आंघोळ, घालायचं काम सकीनाखालाचं. त्या दिवसांत तिच्या हाताची सालं निघाली होती.

एके दिवशी झिरा ढासळून बसला. पखाल अर्धीच भरली. दस्तगीर वरच्या आळीत वाटत वाटत गेला. देवळामागची ओळ तेवढी राहिली. तिथली माणसं सकाळपासून वाट पाहत होती. पण लेकीच्या तोंडात घोटभर घालून पुढं जावं म्हणून तो घराशी थांबला.

हाजरा गेली होती. सकीनाखालानं तिला फळीवर घेतलं होतं आणि गुसलच्या पाण्यात टाकायला बोरीचा पाला तोडून ठेवला होता.

"पाणी ओत," ती म्हणाली.

दस्तगीरनं पखाल चाचपली. तळाला होतं ते एकाच कामाला पुरणार होतं. "झिरा उद्यापर्यंत भरत न्हाई. देवळामागची घरं राहिलीत," म्हणाला.

"लेक तुझी हाय रे."

"माझीच हाय. म्हणून तिला थांब म्हणता येतं. त्यांना म्हणता येत न्हाई."

"थांबायला ती कुठं जिती हाय? उन्हाचं मयत ठेवू किती?"

"ठेवू नको. माती घे."

पाणी नसेल तिथं स्वच्छ मातीवर हात मारून तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे, म्हणजे माणूस पाक होतो, असं त्यांच्या धर्मात आहे. तयम्मुम म्हणतात त्याला. मयतालाही चालतं. पण पाणी नसेल तिथं.

"पाणी दारात असताना माती लावू?" सकीनाखालानं विचारलं.

"दारात हाय ते माझं न्हाई. मी शब्द दिलाय."

तो बाहेर रेड्याची दोरी धरून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. आत सकीनाखालानं मातीवर हात मारले. त्याचा आवाज बाहेर आला. मग तो निघाला आणि देवळामागच्या ओळीला पाणी घातलं. परत येऊन लेकीला कबरीत ठेवलं.

असं म्हणतात की त्या दिवशी देवळामागची ओळ संपली तरी पखाल हलकी झाली नाही. तो शेवटच्या घरातून निघाला तेव्हा ती भरल्यासारखी जड होती, आणि साथ ओसरेपर्यंत तशीच राहिली. त्याला झिऱ्यावर जावंच लागलं नाही. वाटेवर ठिबकलेल्या पाण्याची ओळ उन्हातही सुकली नाही. असंही म्हणतात की पखालीला कान लावला की आतून पोरीचा श्वास ऐकू यायचा. दस्तगीर कान लावत नसे.

साथ गेली. माणसं उठून बसली आणि त्यांना पंगत आठवली.

कोण प्यालं, असं जातीच्या पंचांनी विचारलं. कुणीच नाही. एक म्हणाला, मी पायावर घेतलं. दुसरा म्हणाला, माझ्या बैलानं प्यालं. भागीरथीला विचारलं तेव्हा तिनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की ओठाला लावलं नाही. पोरगा अंगावर पीत होता.

खालच्या आळीत वेगळं चाललं. मशिदीच्या पायरीवर लोक दस्तगीरला ऐकू जाईल असं बोलायचे. "लेकीला माती आणि अल्लाचं नाव न घेणाऱ्यांना पाणी." त्या वेळचे इमामसाब मुल्ला सज्जन होते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. तहानेनं जीव जात असेल तर पाणी जित्याला द्यायचं आणि मेलेल्याला माती, हाच हुकूम आहे, तुझं चुकलं नाही, असं समजावलं.

"हुकूम बरोबर असंल," दस्तगीर म्हणाला. "लेक माझी होती."

त्यानं रेडा विकून टाकला आणि पखाल झिऱ्याच्या वाळूत पुरली. पुन्हा पाणी वाहिलं नाही. रानात मजुरी केली. हाजराच्या कबरीवर त्यानं कधी पाण्याचा थेंब टाकला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी द्यायचं ते दिलं. तिचं पाणी जे प्याले त्यांच्याकडं हाय." त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाच्या दारात गेला नाही. मशिदीत मात्र सगळ्यांदेखत सांगून ठेवलं. "हाजराचं पाणी फिटल्याशिवाय माझ्या मयताला पाणी लावायचं न्हाई. लेकीला माती, तर बापाला माती."

बरीच वर्षं गेली. इंग्रज गेले. गावाला सरपंच आला. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून भागीरथीनं शपथ घेतली होती तोच, रंगनाथ देशमाने. मग एका उन्हाळ्यात दस्तगीर गेला.

मयत कबरस्तानात फळीवर घेतलं आणि सगळं अडलं. इमामसाबांचा मुलगा कासिम आता मुल्ला होता. तो म्हणाला, "आंघोळ मयताचा हक्क आहे आणि आपल्यावर फर्ज. विहिरीला पाणी असताना मी माती लावू शकत नाही. आणि याचा शब्द याच्या तोंडावर मोडायचा धीर मला होत नाही." मग तो कबरस्तानाच्या फाटकाशी बसला. जनाज्यापुढं विचारायची रीत आहे ते त्यानं आधीच विचारलं. या माणसाचं कुणाकडं काही येणं असेल, कुणाचं याच्याकडं असेल, तर सांगा, नाहीतर माफ करा.

माणसं वरच्या आळीतूनही आली होती. त्यातली म्हातारी माणसं जमिनीकडं पाहत राहिली. ऊन चढलं. माशा बसू लागल्या. कुणी सांगेना, आणि मयताला हात लागेना.

देशमान्यांच्या वाड्यात भागीरथीबाई उठल्या. त्यांनी कळशी भरली आणि डोक्यावर घेतली. रंगनाथ आडवा आला.

"आई, कुठं?"

"कबरस्तानात."

"कशाला?"

"प्यालेलं द्यायला."

"तू प्याली नव्हतीस. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंस."

"खोटं सांगितलं. तुझं डोकं तापानं गरम होतं, दूध यावं म्हणून प्याले, आणि तेच डोकं धरून खोटं बोलले. सर बाजूला."

"मी सरपंच आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील? त्यांनीबी प्यालंय."

त्या रस्त्यानं निघाल्या. ज्या वाटेनं त्या गेल्या त्या वाटेनं माळखडीत आजही कळशी जाते. मयत हिंदूचं असो, मुसलमानाचं असो. आपल्या माणसाला आंघोळ घालायच्या आधी पहिली कळशी हाजराला. आता गावात नळ आला, टँकर आला. मशिदीवर भोंगा आहे, देवळावरही आहे. मधे एका वर्षी शहरात शिकून आलेली पोरं म्हणाली, कबरीवर पाणी ओतणं दीनमध्ये, म्हणजे धर्मात, बसत नाही. त्याच वर्षी वरच्या आळीतली पोरं म्हणाली, आपल्या मयताआधी त्यांच्या कबरस्तानात का जायचं. फोनवर नाही नाही ते फिरलं आणि फाटकाला कुलूप लागलं. मग वरच्या आळीत एक म्हातारा गेला. घरच्यांनी मयत घरात ठेवलं, कळशी फाटकापुढं ठेवली आणि बसून राहिले. दुपारी कुलूप निघालं. कुणी काढलं ते दोन्ही आळ्या सांगत नाहीत.

पण ती पहिली कळशी भागीरथीबाईंची, दस्तगीर गेला त्या दिवशीची. त्या फाटकाशी थांबल्या. कासिम मुल्ला उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या."

त्यांनी हाजराच्या कबरीवर कळशी पालथी केली. "मी प्याले," म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जमिनीनं पाणी गिळलं. वर ओलही दिसली नाही.

मग मागून दुसरी कळशी आली. मग तिसरी. पायावर घेतलं म्हणणारा आला. बैलावर ढकलणारा आला, आणि "बैल न्हवता, मी होतो," म्हणाला. जे मेले होते त्यांची पोरं त्यांच्या नावानं आली. प्रत्येक जण ओतायचा, मी प्यालो म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. असं म्हणतात की गावची विहीर खाली गेली, इतकं पाणी त्या कबरीवर पडलं. पण चिखल झाला नाही. माती कोरडीच राहिली. लोक एकमेकांकडं पाहू लागले. आता कोण राहिलं?

"मी तर तान्हा होतो," फाटकाशी उभा रंगनाथ म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

"माझ्यातून तूच प्यालास," भागीरथीबाई म्हणाल्या.

रंगनाथ पुढं आला. मग आईची रिकामी कळशी उचलून विहिरीवर गेला, स्वतः शेंदली, खांद्यावर घेऊन आला. डोक्यावरची टोपी काढली. ओतली.

"मी प्यालो," म्हणाला.

ते पाणी वर राहिलं. कबरीवर, उन्हात, हललं नाही.

कासिम मुल्लानं बाह्या वर केल्या आणि दस्तगीरला आंघोळ घातली.