ज्वारीच्या पोत्यामागचा उंदीर

घाटाच्या पायथ्याशी एक बाजारगाव होतं. तिथे मल्हारशेट वाणी आणि त्याची बायको सारजा भुसाराचं दुकान चालवत. दोन मुलं दगावल्यावर तिसरं जगलं, म्हणून त्याचं नाव भिका ठेवलेलं. तो नुसता शिंकला तरी सारजा वैद्याकडे धाव घेई.

दिवस प्लेगचे होते. घरात उंदीर मरून पडला की साथ दाराशी आली, हे शेंबडं पोरही जाणत होतं. मग सरकारी माणसं दुकानाला कुलूप घालत आणि सारा गाव माळावर झोपड्यांत राहायला जाई.

एका सकाळी सारजाला ज्वारीच्या पोत्यामागे मेलेला उंदीर दिसला. मल्हारशेटने तो चिमट्याने उचलून परसात पुरला. उद्या बाजार आहे, चार दिवस गप्प राहू, तो म्हणाला. उंदीर म्हातारा होऊनही मरतो, असंही म्हणाला. सारजाला ते पटलं. पटवून घ्यायचंच ठरवलं की काहीही पटतं. तरी तासाभरात तिने भिकाला भावाच्या गाडीत घालून आजोळी धाडलं. मग दुकान उघडलं.

दुपारी शेजारची यमुना कासारीण गुळाला आली. हात मोकळे व्हावेत म्हणून तिने कडेवरची लेक नेहमीसारखी ज्वारीच्या पोत्यावर बसवली. पोर दाणे वेचू लागली. सारजा गूळ फोडायला बसली, पण हात चालेना. एकदम उठून तिने पोरीला उचललं.

"का गं?" यमुना म्हणाली. "माझ्या लेकीच्या वजनानं पोतं झिजतं होय?"

मल्हारशेट घाईने म्हणाला, की भिका आजोळी गेलाय, त्यामुळे हिचं चित्त थाऱ्यावर नाही.

"आजोळी? काल तर म्हणत होतीस, त्याला डोळ्याआड होऊ देत नाही."

सारजाने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता.

"या पोत्यामागं उंदीर पडला होता," ती म्हणाली. "माझं पोर मी सकाळीच हलवलं. तुझं मात्र बसू दिलं."

यमुनाने लेक हिसकावून घेतली आणि आळीभर सांगत गेली. दुसऱ्या दिवशी गाव माळावर हललं. दुकानाला कुलूप लागलं. सकाळीच का नाही बोललीस, म्हणून बायकांनी सारजाला शिव्या घातल्या. तिने त्या ऐकून घेतल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

मल्हारशेट आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. भिका सुखरूप असल्याचा निरोप आला, तरी सारजा यमुनाच्या झोपडीकडे नजर लावून बसलेली असे. तिथे जायचं मात्र धाडस होईना.

नवव्या दिवशी त्याने विचारलं, "सगळं सांगून बसलीस. आता कसली भीती?"

"तिची लेक दोन दिवस बाहेर दिसली नाही."

मल्हारशेट उठला आणि त्या झोपडीकडे गेला. थोड्या वेळाने परत आला.

"खेळतेय," तो म्हणाला, आणि मटकन खाली बसला.

तात्पर्य: जिथे आपलं मूल ठेवायला जीव धजत नाही, तिथे दुसऱ्याचं मूल बसू देऊ नये. आणि सांगायला उशीर झालाच, तरी सांगावं.