फिलू आणि मोडलेल्या कळ्या

केळीच्या हिरव्यागार वाडीच्या कडेला, एका इवल्याशा कौलारू घरात फिलू राहायची. वडील देवाघरी गेलेले. आई लोकांच्या वाडीत फुलं खुडायची. फिलू मोठी मायाळू, आपल्या ताटातली अर्धी भाकरी लंगड्या मांजरीला घालायची. पण त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला आणि तिच्या मनात एक काटा रुतून बसला.

शेजारच्या एस्तेलने लिली लावली होती. ईस्टरला देवळातल्या वेदीवर तिचीच फुलं ठेवायची, असं फादरांनी ठरवलं. फिलूनेही फुटक्या डब्यात लिलीचा कांदा लावला होता, पण तो कुजला. एस्तेलच्या कळ्या मात्र टपोऱ्या होत चालल्या. फिलूला त्या बघवेनात.

एके सकाळी ती तळ्याकाठी बसली असताना कमळाच्या पानावरून एक चिमुकली परी उतरली. पंख चतुराचे, निळे-सोनेरी, झुळझुळते.

"मांजरीला भाकरी घालतेस ना, म्हणून आले," परी म्हणाली. "दोन इच्छा माग. पण डोळे मिटून मागायचं. मिटल्या डोळ्यांपुढे ज्याचं तोंड येईल, त्यालाच ते मिळेल."

फिलूने डोळे मिटून शुभ्र झगा मागितला. डोळ्यांपुढे आली ती एस्तेल. लगेच पलीकडच्या अंगणात एस्तेल चमचमत्या झग्यात गिरक्या घेऊ लागली. फिलूने घाईघाईने फुलं मागितली. पुन्हा एस्तेलच. तिच्या रोपांवर कळ्यांचे घोस लगडले.

फिलूच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी सगळे निजल्यावर ती कुंपणाखालून शिरली आणि तिने एकूण एक कळी मोडली.

मग मात्र तिला घास गिळवेना. सकाळ होताच ती तळ्याकडे धावली, कळ्या जोडून दे म्हणून परीला विनवू लागली.

"इच्छा संपल्या, बाळ," परी हळूच म्हणाली. "आता तुलाच एस्तेलकडे जायला हवं."

एस्तेल पायरीवर मोडक्या कळ्या ओंजळीत घेऊन बसली होती. डोळे सुजलेले.

"मी मोडल्या," फिलू म्हणाली. "मला तुझा हेवा वाटला."

"ठाऊक आहे. खिडकीतून पाहिलं मी."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. पण रात्री प्रार्थनेत ‘जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी आम्हालाही कर’ या ओळीशी आले आणि अडले. तुला क्षमा केल्याशिवाय पुढे जाता येईना."

फिलू तिच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली.

इतक्यात अंगण सोनेरी झालं. परी आली होती. तिने त्या कोमेजल्या कळ्यांवरून बोट फिरवलं, तशी एकेक कळी दुधासारखी पांढरी, दवाने भिजलेली, हळूहळू उमलू लागली.

"मी तर काहीच मागितलं नाही," फिलू कुजबुजली. "आणि मी याच्या लायकही नाही."

"हे मागून मिळत नाही," परी हसली, "आणि लायकी बघूनही नाही." बोलता बोलता तिचे पंख उजळत गेले, आणि ती उजेडातच विरघळली.

ईस्टरच्या पहाटे दोघी फुलांची टोपली धरून देवळात शिरल्या. एका बाजूला एस्तेल, दुसऱ्या बाजूला फिलू. टोपली जड होती, म्हणून दोघी सावकाश चालल्या.