पहिल्या वळणावरचा मांडव

लेक अपघातातून वाचली तेव्हा कुमुदिनीबाईंनी महादेवापुढे एक वसा घेतला होता: कुणाचा जीव धोक्यात दिसला, तर भीड धरायची नाही.

पुढे त्याच लेकीनं, ऋजुतानं, पडीक विमानतळाच्या धावपट्टीवर नारंगी शंकू मांडून हौशी मोटारशर्यत भरवली. प्रमुख पाहुणे आप्पासाहेबांनी आपला मांडव पहिल्या वळणाला खेटून घालायला लावला.

"साहेब, गाडी घसरली तर इथंच येते," ऋजुता म्हणाली.

"पोरी, जागा माझ्या शब्दावर मिळालीय. मांडव हलला तर शर्यत रद्द!"

मांडवात बायकामुलं येऊन बसू लागली. कुमुदिनीबाईंना आपला वसा आठवला. देवाचं नाव घेत, थरथरत त्या पुढे झाल्या.

"दादा, राहू दे मांडव. पुढची खुर्ची तुमची, आणि पहिली गाडी मानानं तुमच्या विक्रांतनंच चालवावी."

आप्पासाहेबांनी लेकाकडे पाहिलं. त्यानं आठवड्यापूर्वीच गाडी ठोकून बंगल्याचं फाटक पाडलं होतं.

"इथं ऊन फार लागतंय," घाम पुसत ते म्हणाले. "मांडव पार त्या लिंबाखाली न्या!"

दुपारी तिसरी गाडी घसरली, ती थेट त्या रिकाम्या जागेत येऊन थांबली.

बायांनो, तुम्हीही हा वसा घ्या. पाय लटपटले तर लटपटू देत, तोंड तेवढं उघडा.